साखरेचं घर आणि ऐंशीचे टायर

पहिला पोपट आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गेला. पाण्याच्या पाइपसाठी खणून कशीबशी बुजवलेली चर होती, तीत गाडी आपटली आणि मागच्या सीटवरून मालनवन्संचा आवाज आला, "एक गेला."

मालनवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मांडीवर परात घेऊन बसल्या होत्या. परातीत साखरेचे चार पोपट होते, लाकडी साच्यात पाक ओतून केलेले, आतून पोकळ, बोटभर उंचीचे. हे गाडी चालवत होते आणि मी पुढं बसून कुठं खड्डा आहे ते सांगत होते. खरं तर कुठं खड्डा नाही ते सांगितलं असतं तर माझ्या तोंडाला जरा विसावा मिळाला असता.

"हळू घे रे, सर्जा."

"आक्का, ह्याच्यापेक्षा हळू घेतली तर मागची बैलगाडी पुढं जाईल."

दुसरा पोपट ओगलेवाडीच्या अलीकडं गेला. तिसऱ्याची आधी चोच गेली, मग शेपूट, मग पोपट म्हणावं असं काही उरलं नाही. चौथ्यानं बराच धीर धरला. पण उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची पार चाळण केली होती, आणि एका ओढ्याच्या पुलाजवळ त्याचंही मुंडकं परातीत घरंगळलं. अट्ठेचाळीस किलोमीटरचा रस्ता, आणि आम्ही अजून सतराव्यावर होतो.

"फिरव गाडी," वन्सं म्हणाल्या. कराडात परत येईपर्यंत त्या परातीतले तुकडे निवडत होत्या.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा माघ. वन्संच्या जयश्रीचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं. लग्न नवऱ्याकडच्या गावाला, बेलेवाडीला. जयू चार वर्षांची असताना आमचे दाजी काविळीनं गेले आणि वन्सं तिला घेऊन आमच्याकडं राहायला आल्या. तेव्हा मला ह्या घरात येऊन वर्ष झालं होतं. नणंद-भावजय एका चुलीवर म्हटल्यावर लोकांनी वाट बघितली कधी भांडी वाजतात त्याची. वाजली की, पण चहा करताना. त्या घरात मला आई भेटली, सासू भेटली आणि मैत्रीणही भेटली, तिन्ही एकाच लुगड्यात.

तर जयूचं कन्यादान करायला पाटावर मी आणि हे बसणार होतो. वन्संना बसता येत नव्हतं. रीत ती रीत, तेव्हा कोणी त्यावर बोलायचंही नाही. पण रुखवत त्यांचं होतं. मुलीकडच्यांनी हातानं केलेलं जे काही मांडवात मांडायचं, ते सगळं त्या एकट्या करत होत्या. कुरडयांचा डोंगर, खोबऱ्यावरची नक्षी, लोकरीचे गणपती, हे सगळं टेम्पोत टाकलं तरी जाणार होतं. घोडं अडलं होतं घरापाशी.

साखरेचं घर. दाजी साखर कारखान्यात पॅनवर होते. उकळत्या रसात दाणा कधी धरतो ते काचेच्या तुकड्यावर थेंब घेऊन ते सांगायचे, आणि पाकाचं ते सगळं शास्त्र वन्सं त्यांच्याकडून शिकल्या होत्या. कारखान्याच्या कॉलनीत त्यांना दोन खोल्यांचं घर होतं. तेच घर वन्संनी साखरेत केलं होतं, हातभर लांब, वीतभर उंच. कौलं वेगवेगळी. दाराशी पायरी, पायरीजवळ सायकल, आणि सायकलीच्या चाकाच्या काड्या म्हणजे साखरेच्या तारा. चार महिने लागले. मांडवात जाऊन करता येणारं काम नव्हतं ते. नुसतं जोडायला आठवडा, सुकायला आठवडा. इथंच करायचं आणि अट्ठेचाळीस किलोमीटर धड न्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. ते पोचेल का हे बघायला आधी पोपट नेले होते.

आणि त्याच्याच आड आली ह्यांची हौस.

आमची मारुती एट हंड्रेड होती, सेकंडहँड, पांढरी. ह्यांचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान. भाचीच्या लग्नात गाडी उठून दिसावी म्हणून दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून मॅगव्हील आणून बसवले होते. मोठ्ठं चकचकीत चाक, त्यावर रुंद आणि बुटका टायर. "बेलेवाडीकरांची सुमो आहे," हे म्हणायचे, "तिच्याशेजारी आपली गाडी लावायची तर तिला काही चेहरा नको?" चेहरा आला होता खरा. नाकापेक्षा मोती जड झाला होता इतकंच. गाडी खड्ड्यात गेली की कवटी हलायची.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी आणि वन्सं चालत पापाभाई मुल्लाणींकडे गेलो. स्टँडमागं त्यांचं टायरचं दुकान. वन्संनी स्टीलच्या डब्यात मेलेले पोपट बरोबर घेतले होते.

पापाभाईंनी डबा उघडून बघितला. एक मुंडकं उचललं, उजेडात धरलं.

"वैनी, हे टायरचं दुकान हाय."

"मग टायरच्याच दुकानात आलोय," मी म्हटलं. "ह्यांना मारणारे टायर तुमच्या सर्जेरावांच्या गाडीला आहेत."

मग सगळी कथा सांगितली. पापाभाईंनी चहा मागवला आणि दोन टायर आमच्यापुढं आणून उभे केले. एक मॅगचा होता तसा, दुसरा उंच, अरुंद, आपला साधा.

"ह्या टायरवर बघा काय लिहिलंय. एकशे पंचाहत्तर, पन्नास, तेरा. एकशे पंचाहत्तर ही रुंदी. पन्नास म्हंजे त्या रुंदीच्या निम्मी टायरची उंची. आन तेरा इंचाची डिस्क. आता हा बघा. एकशे पंचेचाळीस, ऐंशी, बारा."

"म्हणजे रुंदी कमी, पण शंभराला ऐंशी उंची," वन्सं म्हणाल्या. पाकाचं प्रमाण बोलावं तशा बोलल्या.

"बराबर. डिस्क एक इंचानं बारकी झाली, पण रबर एक इंचानं वाढलं. आन एकूण चाक उलट मोठंच झालं. कंपनीचा टायर सत्तरचा असतोय, हा त्याच्यापेक्षाबी उंच."

"पण चाक मोठं दिसतंय ते मॅगचं."

"दिसतंय. लोखंड मोठं दिसतंय, आक्का. दणका रबर खातंय. रबर खाईना तर डिस्क खाणार, डिस्क खाईना तर गाडी खाणार, आन गाडी खाईना तर आत बसलेला पोपट. शिवाय मॅगला खड्ड्यात मार बसला तर ते तडकतंय. आपली लोखंडी डिस्क वाकली तर मी हातोड्यानं सरळ करून देतो."

वन्संनी दोन्ही टायरच्या बाजू अंगठ्यानं दाबून बघितल्या, आंबा बघावा तशा. मग उंच टायरवर हात ठेवून म्हणाल्या, "हा. आणि हवा किती भरायची?"

"ते पोपटास्नी इचारू की," पापाभाई म्हणाले.

आता ह्यांना सांगायचं राहिलं. जेवताना मी विषय काढला. जमेल तेवढा गोड आवाज लावला, पण माझा गोड आवाज ह्यांना वीस वर्षांत माहीत झाला होता.

"मॅग काढायचे नाहीत," हे म्हणाले.

"लग्नापुरते."

"अगं, लग्नासाठीच तर बसवलेत."

"मामा साध्या चाकाच्या गाडीतून उतरला तर काय अक्षता टाकणार नाहीत?"

"टाकतील की. आणि टाकता टाकता म्हणतील, बापाविना पोर, मामानं उरकलं कसंबसं." ह्यांनी ताट पुढं सरकवलं. "टेम्पोत गवत घालून न्या. मी दुसरी गाडी बघतो. पण माझ्या गाडीला हात लावू नका."

मी अजून बोलणार होते. वन्संनी हातानं थांबवलं.

"सर्जा, साखरपुड्याला माझ्या सासूबाई आल्या होत्या. जाताना मला काय म्हणाल्या, सांगू?"

ह्यांनी मान वर केली.

"म्हणाल्या, मालन, पोरीचं रुखवत तरी धड ने गं बाई. तुझं फुटकं आलं आणि माझा ल्योक गेला."

मला हे नवीनच होतं. एकोणीस वर्षं एका घरात काढली आणि ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. वन्संच्या लग्नात त्यांच्या आईनं साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं. ते मांडवात पोचलं तेव्हा त्याचे तीन तुकडे झालेले होते. सात वर्षांनी दाजी गेले आणि आत्याबाईंनी, म्हणजे वन्संच्या सासूनं, दाजींच्या मरणाचं सगळं खापर त्या वृंदावनावर फोडलं. दहाव्याला म्हणाल्या, वर्षश्राद्धाला म्हणाल्या, आणि त्यानंतर दर भेटीला म्हणत आल्या.

"माझा विश्वास नाही रे त्यावर," वन्सं म्हणाल्या. "पण जयूच्या संसारात उद्या साधा ताप जरी आला, तरी त्या हेच म्हणणार. तिच्या सासरी जाऊन म्हणणार. मला ते तोंड बंद करायचंय. पाटावर तुम्ही बसा, दान तुम्ही करा, मला त्याचं काही नाही. एवढं एक धड पोचू दे."

हे पानावरून उठले. हात धुतला आणि चप्पल घालून बाहेर पडले. मला रागच आला. बहीण एवढी पोटातलं बोलते आणि हा बाबा निघाला फिरायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात आली ती लोखंडी डिस्कवर. चार नवे उंच टायर, आणि डिकीत स्टेपनीही त्याच मापाची. मॅग पापाभाईंच्या माळ्यावर गेले होते. गाडी लुगडं खोचून उभ्या राहिलेल्या बाईसारखी दिसत होती. हे फक्त म्हणाले, "पूर्ण वळवली की पुढचं चाक आतून घासतंय. तेवढं मी बघून घेतो."

मग चार दिवस आम्ही पोपट फिरवले. तीस हवा भरली तर चारातले दोन गेले. बावीस भरली तर पोपट चारही जगले, पण एका खड्ड्यात टायर दबून डिस्क दगडाला लागली आणि पापाभाईंना हातोडा घ्यावा लागला. चोवीसला पोपटही राहिले आणि डिस्कही राहिली. वन्संनी परातीखाली ज्वारीच्या लाह्यांची जाड गादी केली. पाचव्या दिवशी त्यांनी मुद्दाम सगळ्यांत नाजूक जिन्नस केला, साखरेच्या तारेचा झुला. तो बेलेवाडीच्या वेशीपर्यंत जाऊन घरी परत आला. गल्लीतल्या पोरांना रोज पोपट खायला मिळत होते, त्यामुळं आमचा प्रयोग संपला ह्याचं दुःख फक्त त्यांना झालं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघंच निघालो. बाकीचं वऱ्हाड मागून एसटीनं येणार होतं. मागची सीट काढून टाकली होती. तिथं लाह्यांच्या गादीवर घराचं खोकं आणि खोक्याशेजारी वन्सं, मांडी घालून, एक हात खोक्यावर.

हे वीसच्या वर गाडी नेत नव्हते. खड्डा आला की आधी ब्रेक सोडायचे आणि चाक अलगद उतरू द्यायचे. मी ह्यांना अशी गाडी चालवताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. तोंड असं की जणू मोटारीतलं बारीक वायंडिंग चालू आहे. मीही गप्प बसले होते, आणि माझ्यासाठी ती काही साधी गोष्ट नव्हती.

बेलेवाडी सात किलोमीटर राहिली असताना समोरून उसाची जोडट्रॉली आली. रस्ता अरुंद. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि डावं चाक साइडपट्टीवरून खाली गेलं. खाली उसाच्या पाल्यानं झाकलेला खड्डा होता. गाडी धाडकन बसली. डोकं माझं टपाला लागलं.

ट्रॉली निघून गेली. धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही.

"बघा," हे म्हणाले. मागं वळून बघायचं त्यांचं धाडस होईना.

वन्संनी खोक्याचं झाकण काढलं. मी पुढच्या सीटवर गुडघे टेकून वाकले. कौलं होती. पायरी होती. सायकल उभी होती, चाकातल्या काड्यांसकट. वन्संनी झाकण लावलं, दार उघडून खाली उतरल्या आणि बांधावर बसून पदरात तोंड घालून रडल्या. मला वाटलं जाऊ दे, रडू दे, किती वर्षांचं साठलं असेल.

हे गाडीतून उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण मास्तरांपुढं उभं राहावं तसे.

"आक्का, तुझं वृंदावन मी फोडलं."

वन्संनी पदर खाली घेतला.

"ट्रकमध्ये माझ्या मांडीवर होतं. आईनं बजावलं होतं, खाली ठेवू नको. गाव आलं आणि बँड ऐकू आला. मी ते खाली ठेवलं आणि फळीवर चढून ड्रायव्हरला म्हटलं, दामटा. पुढच्याच खड्ड्यात ते गेलं. सगळ्यांना सांगितलं, रस्त्यानं फोडलं. दाजी गेल्यावर तुझ्या सासूबाई बोलायच्या तेव्हा मी समोर असायचो. एकदाही तोंड उघडलं नाही."

तेव्हा मला कळलं की मॅग असे एकाएकी का निघाले. आणि हेही कळलं की आमच्या घरात ह्यांनी वन्संना एरवी कशालाच कधी नाही का म्हटलं नव्हतं. मी इतकी वर्षं त्याला भावाची माया समजत होते. माया होतीच, पण तिच्या पोटात हे होतं.

वन्संनी पदरानं डोळे पुसले. मग उठल्या, लुगडं झटकलं आणि गाडीत जाऊन खोक्याशेजारी बसल्या.

"चल, गाडी चालव. ऊन होतंय, साखर घामेजंल."

ह्यांनी गाडी सुरू केली. दोनेक किलोमीटर गेल्यावर मागून आवाज आला.

"सर्जा, बँड चांगला होता का रे?"

"पेठेतला होता, आक्का. पितळी कॉर्नेट होतं त्यांच्याकडं."

"मग बरं," वन्सं म्हणाल्या. आणि आम्ही तिघंही असे हसलो की ह्यांना गाडी थांबवावी लागली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाटावर आम्ही बसलो. जयूचा हात नवरदेवाच्या हातात देताना मी मांडवात वन्संना शोधत होते. त्या सगळ्यांत मागं, पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या होत्या. मला त्या पाटाची लाज वाटली, आणि ती आजही वाटते.

अक्षता पडल्यावर बायका रुखवत बघायला जमल्या. घराभोवती हीऽ गर्दी. विहीणबाई सगळ्यांना बोलावून दाखवत होत्या, सायकल बघा, कौलं बघा. मग आत्याबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, काठी टेकत. बायकांनी वाट दिली. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या आणि घराच्या चारी बाजूंनी बोट फिरवत तडा शोधू लागल्या. त्या बोटाकडं बघत मी श्वास धरून उभी. पलीकडं खांबाजवळ हे उभे होते, त्यांचंही तेच.

"धड आलंय," आत्याबाई म्हणाल्या. मग सरळ होत विहीणबाईंकडं वळल्या. "बरं झालं, बाई. हिचं फुटकं आलं होतं, तर माझा ल्योक..."

"आत्याबाई," वन्सं म्हणाल्या.

त्या कधी पिंपाजवळून पुढं आल्या ते मला कळलंच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी घर उचललं. चार महिन्यांचं काम, अट्ठेचाळीस किलोमीटर, आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते मधोमध मोडलं. कौलं खालच्या ताटात पडली, सायकल पडली. विहीणबाईंनी तोंडावर हात नेला.

"अवं, हे काय केलंसा."

वन्संनी छपराचा एक तुकडा घेऊन आत्याबाईंच्या तळहातावर ठेवला. आवाज चढवला नाही, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला.

"फुटलं बघा. धड आलं होतं, माझ्या हातानं फोडलं. साखर आहे, खायलाच केलेली. आता माझ्या जयूचं काय वाईट व्हायचं, ते तुम्ही सगळ्यांसमोर सांगा."

आत्याबाई तुकड्याकडं बघत राहिल्या. एकदा त्यांनी नव्या नवरीकडं बघितलं, हळदीत माखलेली जयू, त्यांच्या लेकाची लेक. मग वन्संकडं बघितलं. मला वाटलं आता म्हातारी काठी आपटून चालू लागणार.

त्यांनी तुकडा तोंडात घातला. दात नव्हते, म्हणून बराच वेळ नुसता चघळला. सगळ्या बायका थांबून होत्या.

"काही न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या. आणि वन्संचं मनगट धरून, आम्हाला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुझंबी त्यानं झालं नव्हतं, पोरी."